अळणी

मल्लेश्वरमच्या एका मुलींच्या कॉलेजात मी तेव्हा पेशी शिकवायचे. बटाट्यात खळगा करून मीठ भरायचं, बटाटा पाण्यात ठेवायचा. खळग्यात पाणी चढलं की सांगायचं, बघा, पेशीचं पटल पाण्याला वाट देतं, मिठाला सहजी देत नाही, म्हणून मीठ जिकडे, पाणी तिकडे. मुली माना डोलवायच्या. आणि घरी माझी थोरली बहीण, आमची अक्का, पाण्याने फुगत चालली होती.

तिची मूत्रपिंडं निकामी होत होती. डॉक्टर म्हणाले, आतली गाळणीच बिघडलीय, राहायचं ते निघून जातंय आणि जायचं ते राहतंय. औषध काही नाही. मीठ बंद करा, पाणी बेताने द्या. असा संताप आला मला! पेशीचं पटल वर्षानुवर्षं फळ्यावर काढलं, आणि बहिणीच्या पोटातलं एक सांधता येत नाही.

अक्का म्हणजे घरातली लोणच्यांची मुखत्यार. कोवळ्या कैऱ्या मिठात घालाव्यात तर तिनेच. तिला अळणी भात आणि अळणी सार! पहिल्या दिवशी ती काकुळतीला आली, "स्वल्प तरी घाल ग." मग मी तिला बटाट्याचं सगळं समजावलं. झालं, बाईसाहेबांनी अळणीचा ध्यासच घेतला. मीठ नाही तर पाणी साठणार नाही, पाणी नाही तर सूज उतरेल, आणि सूज उतरली की आपण बऱ्या. आईने माया येऊन चिमूटभर घातलं तरी हिला पहिल्या घासाला कळायचं, आणि ती जेवायचीच नाही. रोज पायावर बोट दाबून मला विचारायची, खड्डा कमी पडतोय ना? मी हो म्हणायचे. खड्डा तेवढाच पडायचा.

एके दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, आता पथ्य राहू द्या, मागतील ते खाऊ द्या. मी समजायचं ते समजले. घरी आईला सांगितलं, तशी ती चुलीपाशी बसून रडली. मग उठून तिने लोणच्याची बरणी काढली.

अक्काच्या ताटात मऊ भात, मीठ घातलेलं सार आणि तिनेच घातलेल्या लोणच्याची फोड. ती त्या फोडीकडे बघत राहिली.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"तुला आवडेल ते द्या म्हणाले."

तिने ताट हळूच माझ्याकडे सरकवलं.

"नको ग. मला अळणीच वाढ."