घड्याळजींची तिसरी चांदणी

माझे सासरे घड्याळजी. दुकानातली चाळीसही घड्याळं एकाच ठोक्याला वाजतात, हा त्यांचा तोरा. पण योम किप्पूर, म्हणजे आम्हा ज्यूंचा पंचवीस तासांचा प्रायश्चित्ताचा उपास, सोडताना त्यांना घड्याळ चालत नाही. तीन चांदण्या दिसल्याशिवाय पाण्याचा घोट नाही.

यंदा माझ्या लेकीचा पहिलाच पूर्ण उपास होता. आजोबांच्या आधी ती पाणीही पिणार नव्हती. कॅलेंडरातली वेळ टळून वीस मिनिटं झाली होती, आभाळात ढग होते. गच्चीवर दोघं माना वर करून उभे आणि माझा जीव टांगणीला.

"दोन झाल्या," सासरे म्हणाले.

"ती बघा तिसरी!" मी घाईने बोट दाखवलं.

"सूनबाई, ते विमान आहे."

लेक खुदकन हसली आणि मटकन खाली बसली. मग मात्र मला राहवेना.

"बाबा, तुमच्या घड्याळांचा भरवसा नाही, असं उद्या गिऱ्हाइकांना सांगू का?"

"काय बिशाद आहे चुकायची!" त्यांनी मनगटाकडे पाहिलं, नातीला हात देऊन खाली आणलं आणि पहिला पेला तिच्या हातात दिला.

वर मलाच म्हणाले, "एवढा उशीर झालाय, आधी सांगायचं नाही का?"