रविवारची केसतपासणी

"कान पकड."

राजवीर हे माझ्या बापाला म्हणाला. रविवारची सकाळ. परेड ग्राउंडमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या सेक्शनची केसकापणी नुकतीच संपली होती. आम्ही बारा जण बनियनवर रांगेत सावधान उभे. राजवीर बारावीचा, आमचा सेक्शन कमांडर. तो मागून एकेकाच्या मानेवरचे केस अंगठ्यानं आणि बोटानं धरून बघत होता. केस चिमटीत आले की कटिंग नापास. तिसऱ्या मुलाचे आले.

न्हाव्याला बोलावलं गेलं. तो हात पुसत आला. तो माझा बाप होता.

"डोळे गेले का रे तुझे? कान पकड. दहा उठाबशा."

राजवीर अठरा वर्षांचा. आबा एक्कावन्न. आबांनी कान धरले, "चुकलं साहेब" म्हणाले आणि खाली बसले. त्यांचा उजवा गुडघा दुखतो. सातव्या वेळेला उठताना त्यांनी खुर्चीला हात लावला. राजवीर म्हणाला, "आधार नाही. परत एकपासून."

मी रांगेत पाचवा होतो. समोर बघत होतो. मला एकाच गोष्टीची भीती वाटत होती. आबांनी माझ्याकडे बघितलं तर? बघितलं तर सगळ्यांना कळेल. त्यांनी बघितलं नाही. एकदाही नाही. आणि मला, खरं सांगतो, हायसं वाटलं. बाप कान धरून उठाबशा काढत होता आणि पोराला हायसं वाटलं.

आम्ही भरे गावचे. गावठाणात दोन खोल्या, स्टँडजवळ आबांचं दुकान. शेती नाही. कधीच नव्हती. मुळशीच्या डोंगरातल्या या सैनिकी महाविद्यालयात आबा चार वर्षं दर रविवारी कटिंगला जात होते. मग मी दहावीला चांगले मार्क पाडले, प्रवेश परीक्षा पास झालो आणि त्याच महाविद्यालयात लागलो. प्रवेश अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी लिहिलं, शेती. आमच्या तालुक्यात कुणालाही विचारा, शेतीच सांगतो. जमीन विकून बंगला बांधलेलाही शेतीच सांगतो. कोणी उलटून विचारत नाही, म्हणून मीही ठोकून दिलं.

जायच्या आदल्या दिवशी आबांनी मला दुकानातल्या खुर्चीत बसवलं.

"तितं मी तुझा कोन न्हाई," आबा म्हणाले. "वळख द्यायची न्हाई. मी तुला साहेबच म्हननार. कळलं का?"

"का पन?"

"का म्हंजी? शाळंत तुला काय काय म्हनत व्हते, इसरला का?"

विसरलो नव्हतो. पाचवीपासून माझं नाव कैची होतं. ज्यांच्या बापापेक्षा आबा वयानं मोठे, ती पोरंही आबांना अरेतुरे करायची. मी मान डोलावली.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी मी त्या शेडमधल्या खुर्चीत बसायचो आणि मागून आवाज यायचा, "मान खाली घ्या, साहेब." मी मान खाली घ्यायचो. लहानपणी हाच हात डोकं धरून ठेवायचा, हललास तर कान कापला जाईल म्हणायचा. आता तो हात माझ्या डोक्याला जेवढ्यास तेवढा लागायचा. फक्त शेवटी कानामागं अंगठा हलकेच एकदा दाबायचा. घरी सगळे बरे आहेत, असा त्याचा अर्थ.

मी भीतीवर जगत होतो. भेटीच्या दिवशी पुण्याच्या सूस-बाणेरमधल्या सोसायट्यांतून गाड्या यायच्या, पोरांचे आईबाप डबे घेऊन उतरायचे. "तुझे बाबा का नाही येत रे?" कोणीतरी विचारायचंच. शेतीची कामं आहेत, असं मी सांगायचो. नसलेल्या शेतीची! शेजारच्या सेक्शनला आमच्या गावाजवळच्या पिरंगुटचा एक मुलगा आला तेव्हा दोन दिवस मला घास गेला नाही. त्यानं आबांचं दुकान बघितलं असेल, याची मला खात्रीच होती. त्यानं बघितलं नव्हतं. पण भीतीला पुरावा कशाला लागतो.

आमचे प्राचार्य निवृत्त कर्नल. आठवड्यातून एकदा ते स्वतः 'नेतृत्व आणि चारित्र्य' शिकवायचे. शिकवायचे छान, हे नाकारत नाही. अधिकारी आधी जवानांना जेवू घालतो आणि मग ताटावर बसतो, असं त्यांनी सांगितलेलं मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. त्यांची एक पद्धत होती. दर महिन्याला सेक्शनमधल्या प्रत्येकानं बाकीच्या अकरा जणांची नावं क्रमानं चिठ्ठीवर लिहायची. ज्याच्या मागं लढाईत जाल तो पहिला. ज्याला मागं ठेवून जाल तो शेवटचा. चिठ्ठीवर सही नाही. सगळ्या चिठ्ठ्यांचा मेळ घालून सर वर्गात क्रम वाचून दाखवायचे.

दिवाळीनंतरच्या चिठ्ठ्यांमध्ये मी पहिला आलो.

मला घामच फुटला. मग उमगलं. मी कधी उलटून बोलत नव्हतो. बूट चकचकीत, अंथरुणाची घडी दोरीत, शिट्टीच्या आधी रांगेत हजर. पोरांना ती शिस्त वाटली. भेदरलेला आणि शिस्तीचा, दोघांना शेजारी शेजारी सावधान उभं केलं तर ओळखू येत नाहीत. सरांनी पाठ थोपटली. पुढच्या सत्रात मला ज्युनियर कमांडर करायचं ठरलं. एक परीक्षा राहिली होती. एका रविवारची केसतपासणी मी घ्यायची आणि राजवीरनं मला गुण द्यायचे.

शुक्रवारी मी पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी गोळी देऊन परत पाठवलं. शनिवारी सुट्टीच्या तासात घरी फोन लावला.

"आबा, उद्या येऊ नका."

"का रं?"

"उद्याची तपासनी मी घेनार हाय."

मला वाटलं, समजले. मग त्यांचा आवाज आला, आणि असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"तू घेनार? मंग तर येनारच की! कुनाचा एक केस चिमटीत यायचा न्हाई, बग."

आणि खरंच तसा केस आला नाही. त्या दिवशी आबांनी एकेका मानेला दुप्पट वेळ दिला. मी मागून एकेकाची मान बघत गेलो. अकरा माना. एकही केस हाताला लागला नाही. मी राजवीरपुढं उभा राहून म्हणालो, "सगळं ठीक आहे, सर."

राजवीर हसला. "इन्स्पेक्शनमध्ये चूक सापडत नाही म्हणजे इन्स्पेक्शन झालंच नाही. एक तरी सापडलीच पाहिजे. शोध."

ही तिथली रीतच होती. ज्याला काहीच सापडत नाही तो तपासणारा ढिला समजला जायचा. मी परत गेलो, परत आलो. काही नाही. मग राजवीर स्वतः उठला, पहिल्याच मुलाच्या मानेला नख लावून एक केस उपटल्यासारखा ओढला आणि म्हणाला, "हा बघ आला. आता बोलव त्याला. ऑर्डर दे. आवाज खणखणीत पाहिजे."

बोलावण्याची गरजच पडली नाही. आबा आपणहून पुढं आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, शेडमध्ये पहिल्यांदाच सरळ बघितलं, आणि आपले आपणच कान धरले.

"चुकलं साहेब," आबा मला म्हणाले. "द्या आर्डर. काय न्हाई हुत."

माझी कमांडरकी जाऊ नये म्हणून माझा बाप माझ्यापुढं कान धरून उभा होता. त्यांचे गुडघे वाकायला लागले. पाच रविवार मी हे बघत आलो होतो. पण आज ऑर्डर माझ्या तोंडून निघणार होती. भीती गेली नव्हती. त्याच भीतीत मी ओरडलो.

"आबा, हात खाली घ्या!"

आवाज फाटला.

"काय म्हणालास?" राजवीरनं विचारलं.

"हे माझे वडील आहेत. ते कान धरणार नाहीत."

राजवीरनं एकदा आबांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग मोठ्यानं हसला. "आमची आजी म्हणते ते खोटं नाही. न्हाव्याचा उकिरडा कितीही उकरा, केसच निघणार."

रांगेतली पोरंही हसली. चिठ्ठीत माझं नाव वर लिहिणारी पोरं.

तासाभरात मी प्राचार्यांच्या टेबलापुढं होतो. त्यांच्यासमोर माझा प्रवेश अर्ज होता.

"शेती?" त्यांनी विचारलं.

"खोटं लिहिलं, सर."

"चारित्र्य शिकवतो मी तुम्हाला. यावरून तुला आत्ता घरी पाठवू शकतो."

ते बरोबर बोलत होते. मला फक्त घर दिसत होतं, आईचा चेहरा दिसत होता. मग त्यांनी आवाज मऊ केला. सोमवारच्या परेडला राजवीरची माफी माग, कमांडरचा आदेश मोडला म्हणून. अर्जाचं मी बघतो. तुझे वडीलही येत राहतील. पोर आहेस, उगाच मोठं करू नकोस.

मी हो म्हणणार होतो. ओठांवर आलं होतं. आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"आबांची माफी कोण मागणार, सर?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी कागद मागितला. त्यावर लिहिलं, माझ्या वडिलांचा व्यवसाय न्हावी, याच महाविद्यालयात. खोट्या माहितीबद्दल मी माफी मागतो. त्याखाली लिहिलं की माझ्या देखत पाच वेळा त्यांना कान धरायला लावले आणि पाचही वेळा मी गप्प राहिलो.

बाहेर आबा स्कूटरजवळ उभे होते. मला वाटलं, जवळ घेतील.

"कुनी सांगितला व्हता शानपना?" ते दबक्या आवाजात म्हणाले. तेही घाबरले होते. "धा उठाबशा. धाच. मरत व्हतो का मी? आता तुझंबी गेलं आन माझंबी."

स्कूटरला किक मारून ते निघून गेले.

माझं गेलं नाही. लेखी ताकीद मिळाली, कमांडरकी गेली. आबांना मात्र रविवारपासून येऊ नका, असा निरोप गेला. राजवीरला कोणी काही विचारलं नाही. पुढच्या महिन्याच्या चिठ्ठ्यांमध्ये मी बारावा आलो, आणि सरांनी तो क्रमही वाचून दाखवला. मेसमध्ये माझ्या टेबलावर कोणी बसेना. राजवीर नंतर लष्कराच्या अकादमीत निवडला गेला. आमच्या फलकावर त्याचा फोटो लागलाय, खाली लिहिलंय, उत्कृष्ट नेतृत्व.

महिनाभर आबा फोनवर आले नाहीत. सुट्टीत घरी गेलो तेव्हा त्यांनी खुर्चीकडं बोट केलं. मी बसलो. कैची चालू झाली.

"आबा, मी तुमाला लाजलो," मी आरशात बघत म्हणालो.

"ठावं हाय," आबा म्हणाले. "लाजाया मीच शिकिवलं तुला."

त्यांनी माझं डोकं धरून खाली वाकवलं आणि मानेवरचे केस कापायला घेतले.

आता मी बारावीत आहे. आबांच्या जागी जवळच्या माण गावाहून एक न्हावी येतो. बिहारचा, तिशीतला माणूस. त्याला मराठी नीट समजत नाही. गेल्या रविवारी नवीन सेक्शन कमांडर त्याला म्हणाला, "कान पकड." तो माझ्याच वर्गातला. त्या माणसाला कळलं नाही, म्हणून एकानं हातानं करून दाखवलं. त्यानं हसत हसत कान धरले. त्याला गंमत वाटली असावी. तिसऱ्या उठाबशीला त्याचं हसू गेलं.

मी रांगेत होतो. समोर बघत होतो. आणि मला हायसं वाटलं, माझा बाप नाही म्हणून.

या एका गोष्टीनं मी जेवढा घाबरलो, तेवढा प्राचार्यांपुढंही घाबरलो नव्हतो. म्हणजे मी आबांसाठी ओरडलो ते फक्त आबा माझे होते म्हणून. दुसऱ्याचा बाप असता तर मी अजूनही नमुनेदार कॅडेटच असतो, पहिल्या नंबरचा.

काल मी त्या माणसाला गाठलं. मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, तुम्ही कान धरू नका. तो म्हणाला, "नौकरी का सवाल है, साहब." मी त्याला सांगितलं, मला साहेब म्हणू नका. त्याच्यावर मी भार टाकू शकत नाही, हे मला समजतं. भार मलाच घ्यावा लागेल.

येत्या रविवारी परत केसतपासणी आहे. या खेपेला ताकीद देऊन सोडणार नाहीत, काढूनच टाकतील. माझं अधिकारी व्हायचं तिथंच संपेल आणि आबा माझ्याशी पुन्हा बोलणार नाहीत, असंही होईल. आत्ता हे लिहितानाही मला भीती वाटतेय. ती जाणार नाही, हे मी धरूनच चाललोय. तरीही तो माणूस कानाकडे हात नेईल तेव्हा मी रांगेतून बाहेर येणार, त्याच्यापुढं उभा राहणार, आणि तो हात खाली आल्याशिवाय रांगेत परत जाणार नाही.