अणदूरच्या देवघरातला समुद्राचा खांडा

रत्नागिरीहून सुट्टीला निघालेल्या गाड्या सहसा किनाऱ्याकिनाऱ्यानं जातात. आमची निघाली समुद्राकडे पाठ करून, आणि तीही मासा शोधायला. माझी धाकटी बहीण रेवती शार्क आणि त्यांच्या भाऊबंदांवर संशोधन करते. त्यातल्या करवत माशावर तिचा भारी जीव. लांबलचक चपटं नाक, त्याच्या दोन्ही कडांना दात. हा मासा आपल्या किनाऱ्यावर आता जवळपास दिसेनासा झालाय, आणि इतक्या वर्षांत रेवतीला एकही जिवंत भेटलेला नाही. पण अशा माशाची एक जुनी करवत धाराशिव जिल्ह्यात, अणदूरच्या एका देवघरात आहे असं तिच्या कानावर आलं. त्या करवतीच्या दाताची चिमूटभर पूड मिळाली तर तो मासा कोणत्या वंशातला, त्याचे कुणी वारस आज कुठं उरलेत का, हे शोधता येईल, म्हणाली. मला गाडी चालवता येते, एवढीच माझी पात्रता.

आंबा घाट, कोल्हापूर, सांगली, मंगळवेढा करत सोलापूर गाठायला अख्खा दिवस जातो. मुक्काम तिथंच करा आणि शेंगाची चटणी जास्तीची बांधून घ्या, परतीपर्यंत उरत नाही. सकाळी हैदराबादच्या रस्त्याला लागलं की तासाभरात अणदूर. डिसेंबरचं ऊन खात पडलेली काळी रानं, मैलोन्मैल ज्वारी. वाऱ्यानं ती एका बाजूला कलली की मला उगाच वाटायचं, आपण अजून किनाऱ्यानंच चाललोय. मी काच खाली करून वासही घेतला. रेवती हसली नाही, तिलाही तसंच वाटत असावं.

घर मल्लिकार्जुनअप्पांचं. सत्तरी ओलांडलेले, शेती आणि धान्याचा थोडा व्यापार. सून सुवर्णावहिनींनी ज्वारीची कडक भाकरी आणि दही पुढं ठेवलं. मग अप्पांनी देवघराचा पडदा सारला. माझ्या हाताहून लांब ती करवत भिंतीला टेकून उभी होती, भंडाऱ्यानं पिवळीधम्मक.

"खंडोबाचा खांडा हाय," अप्पा म्हणाले. "आमच्या पणज्यानं हैदराबादेहून आणला. कुण्या बंदरावरच्या सौदागरानं दिला म्हणत्यात."

रेवती वाकून दात मोजू लागली. माशाचा एवढा मोठा अवशेष, आणि तोही समुद्रापासून इतक्या लांब. मग तिनं वनखात्याची परवानगी दाखवली आणि बारीक छिद्र पाडायचं यंत्र बाहेर काढलं. तिथंच चुकलं.

"देवाला भोक पाडायचं न्हाय," अप्पा शांतपणे म्हणाले.

"अप्पा, तीळभरच लागेल."

"तीळभर बी न्हाय. तुमी जेवून जावा."

आम्ही जेवलो. मग वहिनींनीच आम्हाला खंडोबाच्या देवळात नेलं. गाभाऱ्यात देव नव्हता. वर्षातले काही आठवडे तो नळदुर्गच्या देवळात राहायला जातो, एकच मूर्ती दोन गावांची, आणि ठरल्या वेळी अणदूरला परततो. तरी दिवा होता, ताजी फुलं होती. एक बाई रिकाम्या जागेपुढं हात जोडून अगदी निवांत बसली होती. मी तिथं किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक, डोळे मिटले तरी ती भंडाऱ्याची पिवळी शांतता दिसत होती. रेवती हळूच म्हणाली, "यांना माहीत असतं तो येणार ते. आमच्या माशाचं आम्हाला नसतं." ते वहिनींनी ऐकलं.

घरी आल्यावर वहिनी सासऱ्यांशी कन्नडमध्ये बोलल्या. बरंच लांबलं. शेवटी मराठीत म्हणाल्या, "अप्पा, आपला देव सोता नळदुर्गाला जाऊन येतोय की. मग डबीतला दात जाऊन का न्हाय येणार?"

खांड्याचा एक दात मागंच निखळला होता, तो भंडाऱ्याच्या डबीत ठेवलेला. अप्पांनी तो रेवतीच्या तळहातावर ठेवला आणि आपला हात लगेच उचलला नाही. "आधी नळदुर्गाला जावा, देवाच्या कानावर घाला. आन देव अणदूरला यायच्या आत ह्यो बी आला पायजे."

नळदुर्ग तिथून अगदी जवळ. किल्ला बघायला अर्धा दिवस तरी हाताशी ठेवा, जेवणाची थाळी दीडशेच्या आत मिळते. आम्ही मात्र दर्शन घेतलं, बोरी नदीच्या काठावर जरा टेकलो आणि निघालो. रेवतीनं परतीभर डबी मांडीवर धरली होती.

दात ठरल्या मुदतीत परत गेला. मला सुट्टी नव्हती, रेवती एसटीनं एकटी जाऊन आली. दाताच्या चिमूटभर पुडीतून त्या माशाच्या वंशाची खूण मिळाली. पण ताडून बघायला आजचा, आपल्या पाण्यातला मासा हवा, आणि तोच नाही. ती अजूनही पहाटे बंदरावर जाते, खलाशांना सांगते की असा कुणी जाळ्यात आला तर जाळं कापून त्याला सोडा. काहीजण ऐकतात, काहीजण हसतात. प्रवासातलं माझ्याजवळ काय उरलं म्हणाल, तर आता जेवताना ताटात मोरीचं, म्हणजे छोट्या शार्कचं, कालवण आलं की हात थबकतो.

परवा अप्पांचा फोन आला. त्यांनी रेवतीला विचारलं, "आमचा खांडा ज्याच्या अंगावरचा, त्यो गावला का कुठं?"

"अजून नाही, अप्पा."

अप्पा म्हणाले, "गावला तर आमाला सांगा. पन धरू नगा त्येला."