डिझेलमध्ये धुतलेली गाडी

माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ इंदापूरजवळ तीस वर्षे ट्रॅक्टर दुरुस्त करत होता. तीन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी कंपवात असल्याचे सांगितले आणि वर्षभरात त्याचा पाना सुटला. गॅरेज आता त्याच्याच हाताखाली तयार झालेला कारागीर पाहतो. मेहुणा दारात खुर्ची टाकून बसतो आणि इंजिनाच्या आवाजावरून दोष सांगतो. मी बारामतीच्या एका शाळेत गणित शिकवतो. यंत्रांशी माझा संबंध सायकलची साखळी बसवण्यापुरता. तरीही गेल्या वर्षी दर रविवारी एसटीने इंदापूरला जाऊन मी एक गाडी जुळवली. रिमोटवर चालणारी, मातीच्या ट्रॅकवर धावणारी, हातभर लांबीची शर्यतीची गाडी. हौस त्याची होती. स्क्रू धरण्याइतकी स्थिर बोटे मात्र आम्हा दोघांत माझीच होती.

तो सांगे आणि मी करी. एकदा मी एक स्क्रू जरा जोरात फिरवला, तेव्हा तो म्हणाला, "दाजी, स्क्रू आवळताय का पोरांचं कान पिळताय? प्लास्टिक हाय ते."

"सवय आहे," मी म्हणालो.

"मग सोडा हळूच. पोरगं नुसतं रडतं. ह्ये फाटतंय."

मोटारीचे दातेरी चाक दुसऱ्या चाकाला किती जवळ बसवायचे, हे त्याने मला कागदाच्या कपट्यावर शिकवले. दोन्ही चाकांच्या मध्ये कपटा घालून चाके फिरवायची. तो न फाटता, सुरकुतून बाहेर आला की अंतर बरोबर. शॉक ॲब्सॉर्बरमध्ये पातळ तेल भरले तर गाडी उडीनंतर जमिनीला नाक घासते आणि दाट भरले तर उसळते. म्हणून तेल बदलल्यावर गाडी वीतभर उंचीवरून खाली सोडायची. ती एकदाच बसली आणि जागीच स्थिरावली, तर काम झाले. तीन रविवार आमचे त्या तेलातच गेले.

पण खरे कौशल्य त्याने रिमोटच्या जुळणीत दाखवले. रिमोट पिस्तुलासारखा असतो. डाव्या हाताच्या बोटाने वेग द्यायचा आणि उजव्या हाताने लहानसे चाक फिरवून गाडी वळवायची. मेहुण्याचा कंप नेमका उजव्या हातात. चाकाच्या मधल्या थोड्या हालचालीकडे गाडीने लक्षच देऊ नये, अशी सोय त्याने रिमोटमध्ये शोधून काढली. कोपर बरगडीला टेकवून तो चाक धरी. हात थरथरत राही आणि गाडी सरळ जाई. ते पहिल्यांदा जमले त्या दिवशी त्याने गाडी अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीनदा नेली. मग म्हणाला, "गाडीला कळतच न्हाय बघा, मला काय झालंय ते."

पिंपळीच्या बाजूला काही हौशी मंडळींनी मुरूम टाकून, चढउतार आणि वळणे काढून ट्रॅक केला होता. पुण्याहून, फलटणहून दहाबारा जण शर्यतीला येणार होते. आदल्या आठवड्यात मेहुणा मला म्हणाला, "दाजी, शेवटच्या फेरीत गेलो तर हात अजून माझा हाय असं समजीन. न्हाय गेलो तर रिमोट ठिवून दिला. मग कुणी आग्रह करायचा न्हाय. आक्कानंबी न्हाय." आक्का म्हणजे माझी पत्नी. त्याच्या स्वरात नाटक नव्हते. त्याने मनाशी एक सीमा आखली होती, इतकेच.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आम्ही पाणी मारलेल्या ट्रॅकवर सराव केला. गाडी चिखलाने माखली. गॅरेजमध्ये परतल्यावर मेहुणा गोळी घेऊन दुपारी झोपला. तो उठण्यापूर्वी सगळे स्वच्छ करून ठेवावे, असे मला वाटले. त्या गॅरेजमध्ये वीस वर्षे मी एकच रीत पाहत आलो होतो. बेअरिंग असो की गिअर, कोणताही भाग खोलला की आधी डिझेलच्या डब्यात बुडवायचा, ब्रशने घासायचा आणि मगच परत बसवायचा. मी चारही शॉक खोलले, तेल काढून टाकले आणि दुपारभर डिझेलमध्ये बुडवून ठेवले. त्याला विचारण्याचे मला सुचले नाही. अधिक खरे सांगायचे तर, न विचारता काही करून दाखवावे, अशी इच्छा होती.

संध्याकाळी नवे तेल भरून शॉक जोडताना दांड्या आत-बाहेर सरकेनात. स्वच्छ झाल्यामुळे घट्ट बसल्या असतील, अशी मी समजूत करून घेतली. तेवढ्यात उठून आलेल्या मेहुण्याने विचारले, "टाकून बघितली का?"

मी "हो" म्हणालो. गाडी मी सोडून पाहिली नव्हती. सोडली असती तर ती कशी पडली असती, याची मला भीती वाटत होती.

रविवारी पहिल्याच उडीनंतर गाडीचे पुढचे अंग खाली बसले ते वर आलेच नाही. दुसऱ्या वळणावर ती उलटली. ट्रॅकवर उभ्या असलेल्या माणसाने सरळ करून दिली, ती पुन्हा उलटली. मी कठड्याशी उभा राहून हे पाहत होतो. गाडी कुठे अडत होती हे मला दिसत होते, आणि तो मात्र स्वतःच्या हाताकडे पाहत होता. चौथ्या वेळी त्याने रिमोट बंद करून माझ्या हातात दिला.

"बोटं ऐकंनात," तो म्हणाला. "चला, चहा घिऊ."

तेव्हाच बोलायला हवे होते. पण चहाच्या टपरीवर फलटणचे लोक होते, आणि तो त्यांच्याशी हसून बोलत होता. मला तेवढे निमित्त पुरले.

गाडी मी बारामतीला घरी आणली आणि शॉक उघडले. आतल्या रबरी रिंगा भिजवलेल्या मटकीसारख्या फुगल्या होत्या. एका जाणकाराला फोन केला, तेव्हा कळले की त्या रिंगा सिलिकॉनच्या असतात आणि त्यांना डिझेल चालत नाही. मी नव्या मागवल्या, बसवल्या आणि जुन्या कचऱ्यात टाकल्या. त्या का टाकल्या, याचे प्रामाणिक उत्तर मला अजून देता आलेले नाही. त्या समोर नकोत, एवढेच त्या क्षणी मनात होते.

पुढच्या रविवारी मी त्याला सगळे सांगितले. डिझेल, खोटे "हो", फुगलेल्या रिंगा.

"आक्कानं सांगितलं व्हय असं बोलायला?"

"नाही. खरंच माझ्याकडून झालं."

"दाजी, मास्तर माणसाला खोटं जमत न्हाय. जुन्या रिंगा कुठं हायत?"

"टाकल्या."

"बघा, आता." तो हसला. "बरं, सोडा गाडी खाली."

मी ती वीतभर उंचीवरून सोडली. ती एकदाच बसली आणि स्थिरावली.

"चोख हाय की," तो म्हणाला. "तवाबी चोखच असंल. तुमी मनाला लावून घिऊ नका, आणि माझ्यासाठी गोष्टी रचू नका."

मी पत्नीलाही सांगितले, तिने त्याला फोन केला. मग तर त्याची खात्रीच पटली की आम्ही दोघांनी मिळून हे ठरवले आहे. मी रिमोट त्याच्यापुढे धरला, तो त्याने घेतला नाही. दिलेला शब्द मोडायचा नाही, असे म्हणाला.

आता रविवारी गाडी मी चालवतो. त्याला पाहायला आवडते, म्हणून. तो खुर्चीत बसून सूचना देतो, माझ्या अडाणीपणावर हसतो, आणि हसण्यात कडवटपणा नसतो. काल गॅरेजच्या अंगणात मी डावीकडचे वळण चुकवले आणि गाडी भिंतीला आपटली. मी त्याच्याकडे पाहिले. त्याचा उजवा हात मांडीवर होता, थरथरत, आणि मनगट डावीकडे वळलेले होते, पाहिजे तेवढेच.

"उशीर केला तुमी," तो म्हणाला.

मी गाडी उचलायला गेलो.