स्टिकरखालची ओळ

आईच्या कमरेच्या जरा वर एक चौकोनी डाग आहे. चारही कोपरे नीट काटकोनात. तो कशानं पडला हे तिनं अजून कुणाला खरं सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगतो.

आमचं घर हरिहरेश्वरच्या अलीकडच्या एका कोळीवाड्यात. आईचं सगळं आयुष्य मासळी सुकवायच्या खळ्यावर गेलं. जवळा उन्हात पसरायचा, दुपारी उलथायचा, संध्याकाळी गोळा करायचा, आणि हे सगळं कमरेत वाकून. मी म्हसळ्याच्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. वाड्यातली माणसं मला अजून मास्तर म्हणतात. आईही म्हणते, पण टोमणा मारायचा असेल तेव्हाच. एरवी मी तिचा 'बाला'.

तिची पाठ गेली चार-पाच वर्षं दुखते. डॉक्टरांनी हाडं झिजल्याचं सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "झिजंल नाय तर काय वाडंल?" औषधाच्या दुकानातून आणलेली चिकटपट्टी रात्री निजताना लावायची, सकाळी काढायची, हे तिचं ठरलेलं. पट्टी माझी बायको लावायची. दोघी आतल्या खोलीत जायच्या, दार लोटायच्या, आणि आतून "वर... वर न्हाय गो, उजवीकं" असं ऐकू यायचं. त्यात माझं काही काम नव्हतं आणि ते तसंच बरोबर होतं.

गेल्या थंडीत दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. बायको मुलीच्या बाळंतपणाला पनवेलला गेली. आणि आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस आला.

वाढदिवसानिमित्त ज्येष्ठ नागरिकांसाठी शिबिर होतं. नव्वदीच्या म्हाताऱ्यांना प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर दोन तास बसवून ठेवलं, मग पुढारी आले, मग त्यांच्या स्वागताची भाषणं झाली. ते स्वतः शेवटी बोलले. म्हणाले, मी सदैव तुमच्या पाठीशी खंबीरपणे उभा आहे. टाळ्या झाल्या आणि पाठदुखीच्या पट्ट्यांची पाकिटं वाटली गेली. प्रत्येक पाकिटावर पुढाऱ्यांचा हात जोडलेला फोटो असलेलं स्टिकर.

आईनं पाकीट डोळ्यांजवळ नेलं. "पाठीशी म्हंजे असा व्हय? चिकटून?"

मी इतका हसलो की पुढच्या रांगेतल्या कार्यकर्त्यानं वळून पाहिलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "काय लिवलंय रं त्याच्यावर?"

मी चष्मा लावला. स्टिकरवर 'जेष्ठ नागरीकांना सप्रेम भेट' असं होतं आणि खाली 'शुभेच्छूक' म्हणून दहा-बारा नावं. दोन ओळींत तीन चुका. 'ज्येष्ठ'मधला य गेला कुठे, 'नागरिक'ला दीर्घ वेलांटी कशासाठी, 'शुभेच्छुक'चा उकार कोणी वाढवला, असं सगळं मी तिला समजावून सांगितलं. मग पनवेलला फोन करून बायकोला सांगितलं. शेजारच्या पडवीत जाऊन तिथेही सांगितलं.

"ते झालं," आई म्हणाली. "पन लावायची कशी?"

"लावायची तशीच. गरम पडते ही, मिरचीचा अर्क आहे," मी म्हणालो. तेवढं पाकिटाच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात होतं. मागची बाजू मी पाहिली नाही असं म्हणता येणार नाही. पाहिली, तिथे फोटो होता.

आता पट्टी लावणार कोण, हा प्रश्न होता. मी म्हटलं, मी लावतो.

"तू?" ती म्हणाली. "लाज न्हाय वाटत?"

"मग शेजारच्या काकींना बोलावू?"

"तिला? उद्या सगल्या खल्यावर माजी पाठ व्हईल."

तिनं स्वतःच उपाय काढला. मला तो कळला तो आवाजावरून. आतल्या खोलीतून भिंतीवर धप्प असं तीनदा वाजलं. पट्टीची कोरडी बाजू ओल्या कणकेच्या गोळ्यानं भिंतीला चिकटवायची, डिंकाची बाजू बाहेर, आणि मग पाठमोरं होऊन अंदाजानं त्यावर टेकायचं. दोन पट्ट्या वाया गेल्या, तिसरी लागली. बाहेर येऊन ती विजयी मुद्रेनं म्हणाली, "सून आली न्हाय तरी चालंल." मलाही कौतुक वाटलं. ते मी फोनवर सांगितलंही.

पट्टी झोंबते म्हणजे लागू पडते, असा तिचा हिशोब. मलमाचाही तोच, काढ्याचाही तोच. त्यामुळे तासाभरानं झोंबणं कमी वाटलं तेव्हा तिनं आयुष्यभराचा दुसरा उपाय पहिल्यावर चढवला. खडं मीठ तव्यावर भाजलं, जुन्या लुगड्याच्या फडक्यात पुरचुंडी बांधली, ती पाठ आणि भिंत यांच्यामध्ये धरली आणि डोळे मिटून बसली. मी समोरच बसून पेपर वाचत होतो. भाजलेल्या मिठाचा वास मला आला होता. लहानपणापासूनचा तो वास, मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती खांबाला टेकून बसली नाही. जेवताना नाही, चहा पिताना नाही. तो खांब तिच्या टेकण्यानं गुळगुळीत झालेला आहे. ती त्याच्यापासून हातभर लांब, ताठ बसलेली. मला वाटलं पट्टीनं गुण आला. "पाठ सरळ झाली की," मी म्हणालो. तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढे वाकली तेव्हा तिच्या चोळीवर मागून ओला डाग दिसला.

दवाखान्यात मी पडद्याच्या बाहेर उभा राहिलो. आत डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांचा आवाज आधी नेहमीसारखा होता, मग एकदम खाली आला.

"आजी, हे किती दिवस झाले?"

"काल-परवाचं."

"आणि ही कणीक कशी आली पाठीवर?"

मग बाईंनी विचारलं, "पट्टीवरून शेक दिलात ना? असं करायचं नसतं. पाकिटावर लिहिलेलं असतं. कुणी वाचून नाही दाखवलं?"

मी पडद्याची कड धरून उभा होतो.

"दाखवलं की," आई म्हणाली. "माजा मुलगा मास्तर हाय. त्यानं सगलं वाचून दाखवलं. माजंच ध्यान ऱ्हायलं न्हाय."

मला तेव्हा पडदा सारून बोलता आलं असतं. मी बोललो नाही. बाईंनी मलम दिलं, दिवसातून दोनदा अलगद लावा म्हणाल्या, या वयात कातडी पातळ असते, जखम चिघळली तर कठीण जाईल. रिक्षेत आई पुढची दांडी धरून, पाठ न टेकता बसली. रस्त्यावर खड्डा आला की तिचा श्वास अडकायचा. घर येईपर्यंत मी खड्डे मोजत होतो.

घरी येऊन मी ते पाकीट गरम पाण्यात ठेवलं. स्टिकर हळूहळू सुटलं. आधी शुभेच्छुक गेले, मग जोडलेले हात. खाली बारीक अक्षरांत, हिंदीत आणि इंग्रजीत, पाच ओळी होत्या. तिसरी ओळ अशी, की या पट्टीसोबत कोणत्याही प्रकारचा शेक घेऊ नये, त्वचा भाजू शकते.

ते पाकीट घेऊन मी आईपुढे जाऊन बसलो. म्हटलं, "आई, मी हे वाचलं नव्हतं."

"मना ठाव हाय."

"मग तिथे खोटं कशाला बोललीस?"

तिनं पाकीट हातात घेतलं. मग म्हणाली, "तुना शिकवाया मी वाकले ना रं खल्यावर? मग त्या पोरीसमोर कसं सांगू, का मास्तरानं वाचलं न्हाय म्हनून?"

संध्याकाळी मलम लावायची वेळ आली. भिंतीनं हे काम होण्यासारखं नव्हतं. आई माझ्याकडे पाठ करून पाटावर बसली, पदर पुढे घट्ट ओढून घेतला आणि म्हणाली, "डोले मीट."

मी मिटले. तिनं चोळीची गाठ सोडल्याचं ऐकू आलं. मी मलम बोटावर घेतलं आणि अंदाजानं हात पुढे केला. बोट कुठे लागलं कळलं नाही, पण ती इतक्या जोरात दचकली की पाट सरकला. मी हात मागे घेतला. पुन्हा पुढे केला. पुन्हा तेच.

"थांब," ती म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "आंदल्यावानी काय चाचपतंस? उघड."

"काय?"

"डोले उघड म्हनते ना."

लहानपणी शाळा सुटली की मी खळ्यावर जायचो. वीस-पंचवीस बायका एका वेळी वाकलेल्या असायच्या, तोंडं जमिनीकडे, आणि त्या सगळ्या पाठींतून मी माझ्या आईची पाठ लांबून ओळखायचो. कधी चुकलो नाही. त्या संध्याकाळी मी डोळे उघडले आणि समोरची पाठ मला ओळखता आली नाही. मानेखाली उन्हानं काळवंडलेला पट्टा, त्याखाली कधीच ऊन न लागलेली, पातळ, सुरकुतलेली कातडी, उजवीकडे झुकलेला कणा. आणि मधोमध तो लाल, ओला चौकोन. त्याच्या कडा पुस्तकाच्या पानासारख्या सरळ होत्या. वरच्या कोपऱ्यात फोड फुटला होता.

मी मलम लावलं. आता हात चुकला नाही. ती एकदाही हलली नाही, फक्त पाटाची कड दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"झालं?"

"झालं."

"लई हाय का?"

"बरं होईल."

"वाचून सांगतंस का असंच?"

"बघून सांगतो," मी म्हणालो.

महिनाभर मी सकाळ-संध्याकाळ ते काम केलं. जखम चिघळली नाही. आधी खपली धरली, मग खपली पडली, आणि डाग राहिला. आई पुन्हा खांबाला टेकून बसू लागली. मला पुन्हा कधी डोळे मीट म्हणाली नाही.

बायको परत आली ती येताना पनवेलहून साध्या औषधी पट्ट्या घेऊन. गरम न पडणाऱ्या. डॉक्टरीणबाईंनी आता त्या चालतील म्हणून सांगितलं होतं, पण डागावर लावायच्या नाहीत. रात्री दोघी आतल्या खोलीत निघाल्या. मी पेपर उघडला. चला, आपलं काम संपलं, असं मनात आलं. खोटं कशाला सांगू, जरा वाईटही वाटलं.

दारातून आईनं हाक मारली. "बाला, हिकडं ये."

"ही आहे ना लावायला."

"लावंल ती. तू वाच."

म्हणून मी दाराबाहेर, त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो आणि पाकिटातला कागद उलगडला. या कंपनीनं मराठीत छापला होता. पट्टी किती वेळ ठेवावी, कुठे लावू नये, जखमेवर का नको, काय झालं तर काढून टाकावी, सगळं वाचलं. मधे ती "पुना वाच" म्हणाली तेव्हा पुन्हा वाचलं. शेक घेऊ नये, ही ओळ तिनं तीनदा वाचायला लावली. पाकिटाची पुढची बाजू वाचली, मागची वाचली. कुठे काही चिकटवलेलं नाही, हे नखानं खरवडून पाहिलं.

आतून पट्टीचा कागद सोलल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "आनि शुद्धलेखन, मास्तर? बराबर हाय ना?"

दुसऱ्या ओळीत 'शरिरावर' असं छापलेलं होतं. 'री' दीर्घ हवी.

"बरोबर आहे," मी म्हणालो.