दादाजान खोटे होते, असं मी लिहून दिलं

धारूर सोडलं त्या सकाळी अब्बा बसस्टँडसमोर सीताफळांच्या पाट्या मांडत होते. मी बॅग घेऊन समोरून गेले. त्यांनी मान वर केली नाही. माझा धाकटा भाऊ रफिक बॅग बसमध्ये चढवून म्हणाला, "आपा, पोचली की माझ्या फोनवर कर. घरच्या नको."

मी अंबाजोगाईला कॉलेजात मराठी शिकवायचे. घरात दखनी, वर्गात मराठी. दोन्हीकडे मी सारखीच आहे, असं तेव्हा वाटायचं. अब्बा लहानपणापासून त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगत. तीच मी कादंबरीत लिहिली. दादाजान निजामाच्या काळातले शाळामास्तर. रझाकारांत जायला नकार दिला म्हणून रझाकारांनी त्यांना भर चौकात मारलं. पोलीस ॲक्शननंतर नव्या सरकारनं त्यांना रझाकार म्हणूनच तुरुंगात टाकलं. सुटून आले ते एका कानानं बहिरे होऊन.

पुस्तक निघालं आणि दोन्हीकडचे चिडले. आमचे म्हणाले, "मारणारे मुसलमान कावून दाखवले?" दुसरे म्हणाले, "तुरुंगात टाकणारे आमी कावून?" कॉलेजनं मला रजेवर पाठवलं. मग एका दुपारी पंचवीस-तीस माणसं आली आणि अब्बांच्या पाट्या रस्त्यावर उलट्या करून गेली. दुसऱ्या दिवशी ठाण्यात बैठक झाली. समोर बसलेल्यांत दोघं माझेच विद्यार्थी. त्यातला एक अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मॅडम, एवढं लिहून द्या. मिटून जाईल."

मी लिहून दिलं, शुद्ध मराठीत. ही कथा पूर्णपणे काल्पनिक आहे, माझ्या आजोबांच्या बाबतीत असं काहीही घडलेलं नाही.

वाटलं होतं, अब्बांना सुटल्यासारखं होईल. रफिकनं त्यांना कागद वाचून दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, "तो मेरा बाप झूटा क्या?" त्यानंतर ते माझ्याशी कधीच बोलले नाहीत.

आता हैदराबादेत एका खासगी शाळेत हिंदी शिकवते. शेजारणी माझ्या बोलण्याला हसतात, "मराठी लोगां ऐसाच बोलते," म्हणतात. मला कुणी बिनशर्त मराठी म्हटलं ते इथंच. माझ्या मुलीला मराठी वाचता येत नाही. मी शिकवलंच नाही. शिकवलं असतं तर एक दिवस तिनं ती कादंबरी वाचली असती आणि विचारलं असतं, हे खरं का?

अब्बा गेल्याचं रफिकनं दफन झाल्यावर कळवलं. "आधी सांगितलं असतं तर तू आली असतीस, आन् लोक पुन्हा जमले असते." त्याचं चुकलं नव्हतं. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी गेले. पाहुणे जेवून उठले, पुस्तकाचं नाव कुणी काढलं नाही. घरचेच उरलो तेव्हा रफिकची सहा वर्षांची मुलगी मला बिलगली; तिचे दादाजान म्हणजे अब्बा. "फुप्पी, दादाजान के अब्बा को चौक में मारे थे ना? दादाजान बोलते थे."

रफिक माझ्याकडे बघत होता.

"नहीं बेटा," मी म्हणाले, "वैसा कुछ नहीं हुआ."

तुम्ही मराठी वाचणारे तिकडून विचारता, घराची आठवण येते का. ठाण्यात निदान लिहून घ्यायला समोर लोक बसले होते. चाळिसाव्याच्या त्या खोलीत फक्त माझं घर होतं.