मांजर्लीत पाणी भरलं तेव्हा मी ऑफिसात होते

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमची कंपनी कुकरच्या रिंगा बनवते. रबराच्या, आणि अलीकडे सिलिकॉनच्याही. ऑफिसचं सगळं काम माझ्याकडे आहे. ऑर्डरी घ्यायच्या, माल कधी निघेल ते कळवायचं, तक्रारींना उत्तरं द्यायची आणि सेठना त्यांच्या वस्तू शोधून द्यायच्या. या शेवटच्या कामात सगळ्यात जास्त वेळ जातो.

सेठ सिंधी आहेत, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहतात. मराठी चांगलं बोलतात, फक्त चिडले की हिंदीत जातात आणि खूपच चिडले की सिंधीत. सिंधीत गेले की आम्ही आपापल्या कामाला लागतो, कारण तिथून पुढचं आम्हाला कळत नाही आणि त्यांनाही ते माहीत असतं. मी त्यांच्याकडे लागले तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती. आता ती बंगळुरूला नोकरी करते. नवरा गेल्यापासून बदलापूरला मांजर्लीतल्या तळमजल्यावरच्या घरात मी एकटीच राहते. म्हणजे राहत होते.

एजंट आणला तो सेठच्या सुनेने. कारखान्यात तिला सगळे छोट्या मॅडम म्हणतात. एक दिवस तिने लॅपटॉप उघडून सांगितलं, "पप्पा, आपण ऑफिससाठी एजंट घेतलाय."

सेठ म्हणाले, "कमिशन किती घेणार?"

"माणूस नाहीये पप्पा, एआय आहे. मेल वाचतो, समजून घेतो, उत्तर देतो. ऑर्डर शीटमध्ये टाकतो, ट्रान्सपोर्टवाल्याला कळवतो. सगळं अपने आप."

"मग मॅडम काय करणार?"

"मॅडम सुपरवाइज करतील."

मी मान डोलावली. सुपरवाइज करणं मला माहीत होतं. इतकी वर्षं सेठ माझ्यावर तेच करत होते, आणि त्यात चहा बराच होतो.

एजंटला माझे जुने मेल वाचायला दिले. त्यावरून तो माझ्यासारखं लिहायला शिकला. खरंच माझ्यासारखं लिहायचा. कोइमतूरच्या व्यापाऱ्याला इंग्रजीत, कोल्हापूरच्या दुकानदाराला मराठीत, खाली माझं नाव. उशीर झाला की मी ज्या शब्दांत दिलगिरी व्यक्त करते त्याच शब्दांत तो करायचा. आपण इतकी दिलगिरी व्यक्त करतो हे मला तेव्हाच कळलं. एकच गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. माझे मेल सगळे बाहेरच्यांना लिहिलेले होते. सेठना मी कधी मेल केला नव्हता. ते केबिनमधून ओरडायचे आणि मी टेबलावरून. मुलीशी फोनवर बोलायचे. त्यामुळे मी घरच्यांशी कशी बोलते हे एजंटला कळायला काही मार्गच नव्हता.

सुरुवातीला तो प्रत्येक उत्तर मला आधी दाखवायचा आणि मी 'ठीक' दाबायचे. काही आठवड्यांनी छोट्या मॅडम म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही प्रत्येक वेळी ठीकच म्हणताय." ते खरं होतं. मग नेहमीच्या मेलना त्याने न विचारता उत्तर द्यायचं आणि वेगळं काही असेल तरच मला विचारायचं, असं ठरलं. वेगळं काय, ते त्यानेच ठरवायचं होतं. छोट्या मॅडमनी आणखी एक नियम केला. ओरडाओरडी बंद, कुणाला काही विचारायचं असेल तर मेल करायचा. सेठ म्हणाले, "मी चार फुटांवर बसतो." पण सुनेचं ते ऐकतात.

पावसाळ्यात मांजर्लीला पाणी भरणं काही नवं नाही. उल्हास नदी आमच्या मागेच आहे. दरवर्षी सोसायटीच्या गेटपर्यंत येते, थोडी थांबते आणि जाते. त्या दिवशी सकाळी थांबली नाही. मी डबा भरत होते. पायाला गार लागलं म्हणून खाली पाहिलं तर स्वयंपाकघरात पाणी होतं, आणि त्यात माझी एक चप्पल बाहेरच्या दिशेने निघाली होती. मी कागदपत्रांची पिशवी घेतली, औषधं घेतली, का कोण जाणे मिक्सरही घेतला आणि जिना चढले. फोन कमरेला खोचला होता. तो दुसऱ्या पायरीवर पाण्यात पडला. वाकून शोधायचं तर दोन्ही हात भरलेले होते. नंतर पुष्कळांनी विचारलं, मिक्सर का घेतलास?

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, मिक्सरकडे बघितलं आणि म्हणाल्या, "या, पण लाइट नाहीये."

लाइट नव्हती, नेटवर्क नव्हतं, नळाला पाणी नव्हतं. खाली मात्र माझ्या खिडकीच्या गजापर्यंत होतं. काकूंनी गॅसवर खिचडी टाकली. त्यांचा फोन चालू होता पण लागत नव्हता. मी गॅलरीत उभी राहून बघत होते. समोरच्या बिल्डिंगचं एक कपाट उभंच्या उभं वाहत आलं, आमच्या गेटला टेकलं आणि तिथेच राहिलं. मला सारखं वाटत होतं, आता ऑफिसात माझी शोधाशोध चालू असेल. सेठ ओरडत असतील. मुलगी बंगळुरूला रडकुंडीला आली असेल. सगळ्यांना किती काळजी लागली असेल, या विचाराने मला फार वाईट वाटत होतं आणि थोडं बरंही वाटत होतं.

प्रत्यक्षात त्या दिवशी मी कामावर होते. अंबरनाथला लाइट होती, आणि एजंटला तर तीही आमच्या कारखान्यातली लागत नाही. वेळेवर मी सगळ्यांना सुप्रभात केलं. नाशिकच्या ऑर्डरीची पोच दिली. पावसामुळे गाड्या उशिरा सुटतील याबद्दल सर्व ग्राहकांकडे दिलगिरी व्यक्त केली. हे तर मला स्वतःला सुचलं असतं की नाही, शंका आहे. बदलापूरकडचे कामगार आले नव्हते, माझी खुर्ची रिकामी होती, पण छोट्या मॅडमनी माझे मेल पाहिले आणि म्हणाल्या, "मॅडम घरून करतायत." त्यांना वाटलं, मी लॅपटॉपवर बसून काही उत्तरं तपासत असणार.

दुपारी मुलीने ऑफिसच्या पत्त्यावर मेल केला. फोन लागत नाही म्हणून. "आई, बातम्यांत मांजर्ली दाखवतायत. तू बरी आहेस ना? लगेच कळव."

तिला उत्तर गेलं, "आपला मेल मिळाला. मी ठीक आहे. आज नेहमीप्रमाणे कामावर आहे. काही अडचण असल्यास कळवावे."

नंतर छोट्या मॅडमनी शोधून काढलं की एजंटने हे कशावरून लिहिलं. माझ्या कॅलेंडरमध्ये त्या दिवशी रजा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सेठनी मेल केला. सेठ टाइप करत नाहीत, फोनला बोलून दाखवतात. त्यांनी विचारलं, "मॅडम, सिलिकॉनचे सॅम्पल कुठे ठेवले?" हा प्रश्न ते दर आठवड्याला विचारतात. मी दर आठवड्याला ओरडते, "सेठ, तुमच्याच खणात, चष्म्याच्या खाली!" या वेळी उत्तर आलं, "चौकशीबद्दल धन्यवाद. सॅम्पलबाबत माहिती घेऊन लवकरच कळवते. आणखी काही विचारायचे असल्यास निःसंकोच विचारावे."

सेठनी म्हणे ते दोनदा वाचलं. मग परीक्षा घ्यायची म्हणून त्यांनी दुसरा मेल केला. त्यांची एक जुनी हौस आहे, रिंगचा बॉक्स निळ्याऐवजी गुलाबी करायचा. मी ती दरवर्षी मोडून काढते. मी म्हणते, "सेठ, लोकांना वाटेल आत बेबी पावडर आहे." सेठनी लिहिलं, "मॅडम, मला वाटतं बॉक्स गुलाबी करावा."

उत्तर आलं, "कल्पना उत्तम आहे. छपाईवाल्याकडे नमुन्याची मागणी केली आहे."

सेठ केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, "मॅडमला काहीतरी झालंय."

छोट्या मॅडम म्हणाल्या, "पप्पा, वो तो एजंट का रिप्लाय है."

"मग मॅडम कुठे आहे?"

हे कुणालाच सांगता येईना. माझा फोन लावून बघितला, बंद. सेठनी छत्री घेतली, कंपनीचा टेम्पो काढायला लावला आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसून निघाले.

मी काकूंच्या गॅलरीत होते. पाणी गुडघ्यावर उतरलं होतं. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला, त्यावर आमच्या कंपनीचं कुकरचं चित्र होतं. त्यातून सेठ उतरले. पॅन्ट वर दुमडलेली, बूट हातात, दुसऱ्या हातात छत्री. पाण्यातून सावकाश चालत आमच्या बिल्डिंगखाली आले आणि नेहमीच्या आवाजात ओरडले, "मॅडम! ओ मॅडम!"

"सेठ! तुम्ही इथे कसे?"

"तुम्ही लिहिलं, कल्पना उत्तम आहे!"

"कुठली कल्पना?"

"गुलाबी!"

"सेठ, बेबी पावडर वाटेल!"

सेठनी छत्री मिटली. पाऊस पडत होता तरी मिटली. मग मान खाली घालून जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. मी खाली गेले तेव्हा सिंधीत काहीतरी पुटपुटत होते. पण त्या दिवशी ते चिडलेले नव्हते. मला म्हणाले, "चला घरी." मी माझ्या दाराकडे बघितलं. ते म्हणाले, "हे नाही. आमच्या."

काकूंना पण या म्हटलं, पण त्या म्हणाल्या, माझं दूध विरजायला लावलंय. मी मिक्सर त्यांच्याकडेच ठेवला आणि निघाले.

कॅम्प चारमध्ये सेठच्या घरी पोचल्यावर त्यांच्या बायकोने मला सुके कपडे दिले, दालपकवान, म्हणजे कडक पुरी आणि डाळ, पुढे ठेवलं आणि मी नको म्हणेपर्यंत वाढलं. छोट्या मॅडम दारात आल्या आणि रडायलाच लागल्या. "मॅडम, मी काल तुमचे मेल बघून खूश झाले होते." मी म्हटलं, "अहो, मेल चांगलेच होते." मला त्यांना बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलायचं होतं, तेवढंच सुचलं.

त्यांच्याच फोनवरून मुलीला फोन लावला. तिने उचलला, माझा आवाज ओळखला. मग म्हणाली, "बोल."

"अगं, मी पाण्यात अडकले होते. काल सकाळपासून."

"पण तू मेल केलास, ठीक आहे म्हणून."

"तो मी नाही केला. ऑफिसातल्या एजंटने केला."

मग म्हणाली, "मला वाटलं, तू अजून माझ्यावर रागावलेली आहेस. मी कायमची इकडेच राहणार म्हटल्यावर."

"म्हणून तू परत काही विचारलं नाहीस?"

"आई, 'काही अडचण असल्यास कळवावे.' तू चिडलीस की अशीच बोलतेस. मी अक्षरशः तुझ्या आवाजात वाचलं ते."

मला सेठचं आठवलं. गोड उत्तर आलं म्हणून सेठ घाबरले, आणि तसल्याच उत्तरावर मुलीने विश्वास ठेवला. दोघांचंही बरोबर होतं. सेठशी मी खेकसूनच बोलत आले आणि मुलीशी रागावले की सरकारी मराठीत. यात मशीनचा दोष काढायला जागा नव्हती. मी म्हटलं, "रागावले होते. पण काल नाही. काल मी घाबरले होते." हे तिला मी बहुतेक पहिल्यांदाच सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि "येते मी," एवढंच.

आठवड्याभराने मी कामावर गेले. एजंट अजून आहे. त्याला काढावं असं मला कधी वाटलं नाही, नाशिकची ऑर्डर त्याने व्यवस्थित लावली होती. फक्त आता प्रत्येक उत्तराखाली 'हे उत्तर एजंटने लिहिले आहे' असं येतं, आणि सकाळी मी कम्प्युटरवर बसले नाही तर तो छोट्या मॅडमना कळवतो. छोट्या मॅडमनी आमच्या आतल्या माणसांचे आणि घरच्यांचे मेल त्याच्या कक्षेतून काढूनच टाकले. सेठ परत ओरडायला लागले. गुलाबी बॉक्सचा नमुना छपाईवाल्याने पाठवला, तो मी बघितला. वाईट नव्हता, पण हे मी सेठना सांगितलं नाही.

मुलगी आली ती चांगली आठ-दहा दिवस राहिली. आम्ही दोघींनी घरातला गाळ फावड्याने काढला. गादी टाकली, कपाट टाकलं. भिंतीला जिथवर ओल आली होती त्याच्या वर तिच्या शाळेतला एक फोटो कोरडा राहिला होता, तो काकूंकडे नेऊन ठेवला. मग ती म्हणाली, "आता इथे नको." मी दोन दिवस नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी आम्ही स्टेशनच्या पूर्वेला घरं बघायला गेलो. पहिलं फार लांब होतं, दुसऱ्यात स्वयंपाकघरात खिडकी नव्हती. तिसरं चौथ्या मजल्यावर होतं. दाखवणारा माणूस म्हणाला, लिफ्ट आहे, पण सध्या बंद आहे. मुलीने माझ्याकडे बघितलं. आम्ही जिन्याने वर गेलो, मध्ये दोनदा थांबलो, आणि गॅलरीत उभं राहून मी चारी बाजूंना नीट बघितलं. नदी कुठेच दिसत नव्हती.

"घेऊ या," मी म्हटलं.